मारेकरी म्हटलेल्या पेशी

"तुमच्या गर्भाशयात किलर सेल्स वाढलेल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. रिपोर्टचा कागद त्यांच्याच हातात होता. तो त्यांनी माझ्याकडे फिरवला नाही.

जळगावच्या त्या क्लिनिकमध्ये मी इतक्या खेपा घातल्या होत्या की रिसेप्शनवरची मुलगी मला नाव विचारत नसे. त्या दिवशी माझ्या एका बाजूला माझे मिस्टर योगेश बसले होते, दुसऱ्या बाजूला सासूबाई. धरणगावात आमच्या गल्लीत सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्कांना इंग्रजी येत नाही. पण 'किलर' हा शब्द टीव्हीमुळे आता सगळ्यांनाच कळतो. त्यांनी मान वळवून माझ्या पोटाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे.

पूर्ण शब्द होता 'युटेरिन नॅचरल किलर सेल्स'. डॉक्टरांनी घाईघाईत समजावलं. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतला एक प्रकार गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातही असतो. माझ्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला होता, त्याला बायोप्सी म्हणतात. त्यात या पेशी जास्त दिसल्या. "त्या गर्भाला परकं समजतात आणि रुजू देत नाहीत. म्हणून आपलं दोनदा फेल गेलं असावं."

ते 'असावं' म्हणाले होते. हे मला फार नंतर आठवलं. त्या दिवशी मी फक्त 'किलर' ऐकून बाहेर आले.

*

माझं नाव स्वाती. वय चौतीस. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. जळगावजवळ केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काम करते. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, समोर काच, हातात चिमटा आणि ब्लेड. एका कोंबाचे तुकडे करायचे आणि बाटल्यांत लावायचे. योगेशचं धरणगावला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी खोलून त्यांत नवीन तार भरायची, हे त्यांचं काम.

पहिली चार वर्षं आम्ही वाट पाहिली. मग तपासण्या झाल्या. माझ्या नळ्या मोकळ्या होत्या, अंडी बनत होती. योगेशच्या शुक्राणूंचा काउंट थोडा कमी होता. शेवटी आयव्हीएफ, म्हणजे अंडं आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून गर्भ तयार करायचा आणि तो गर्भाशयात सोडायचा. पाच गर्भ तयार झाले. पहिल्या वेळी दोन सोडले, दुसऱ्या वेळी दोन. दोन्ही वेळा चौदा दिवसांनी रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनची तपासणी आली ती शून्याजवळची. चांगले गर्भ चांगल्या अस्तरात सोडूनही रुजत नाहीत, याला 'इम्प्लांटेशन फेल्युअर' म्हणतात.

आता एकच गर्भ उरला होता, गोठवून ठेवलेला. म्हणून डॉक्टर म्हणाले, हा सोडायच्या आधी कारण शोधू. त्यासाठी बायोप्सी केली आणि त्यातून हा शब्द निघाला.

उपायही त्यांनी सांगितला. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे शरीराची लढण्याची शक्ती दाबणारं औषध. सोबत इंट्रालिपिडचं सलाइन. ते दुधासारखं पांढरं असतं, तेलापासून केलेलं. ज्यांना तोंडाने जेवता येत नाही अशा पेशंटना पोषणासाठी देतात. त्याने या पेशी शांत होतात असं काही डॉक्टर मानतात.

बाहेर बाकावर पहूरची एक बाई बसली होती. तिने ते पांढरं सलाइन तीन वेळा घेतलं होतं. मी विचारलं, काही फरक पडला का? ती हसली. "अजून तर नाही. पण निदान काहीतरी केलं असं वाटतं ना, ताई."

मी तिच्यावर हसले नाही, आजही हसत नाही. मलाही तेच हवं होतं. कुणीतरी काहीतरी करावं.

*

धरणगावला गोष्ट त्याच दिवशी गल्लीभर पोचली, म्हणजे अक्कांनी ती पोचवली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. शेजारणीने ओट्यावरूनच विचारलं, काय म्हटलं डॉक्टर? आणि अक्का बोलून गेल्या, "तिना पोटमा मारनाऱ्या पेशी शेतस, डाक्टरनी सांगं."

मी आत चहा ठेवत होते. कप हातातच राहिला.

दोन दिवसांनी त्याच शेजारणीची नात अंगणात पडली आणि रडायला लागली. दीड वर्षाची पोर. एरवी मी धावत जाऊन उचललं असतं. त्या दिवशी मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. मला कुणी अडवलं नव्हतं. शेजारीण तर म्हणाली, "अगं, घे ना तिला." पण मला वाटलं, माझ्या अंगात जे आहे ते हातांतही असेल. हे वेडेपणाचं होतं हे मला कळत होतं. मी दिवसभर सूक्ष्म जंतूंच्या जगात काम करणारी बाई. तरी मी हात पदरात घेतले आणि आत आले.

कामावरही तसंच. आमच्याकडे एखाद्या बाटलीत बुरशी दिसली की ती बाटली लगेच बाजूला काढतात, न उघडता. त्या आठवड्यात अशी बाटली बाजूला ठेवताना मी रडले. शेजारच्या टेबलावर नलूताई बसतात, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी मास्कवरून माझे डोळे पाहिले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं काढून घेतलं.

"धुळ्याला एक मॅडम आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या भाचीला त्यांनीच पाहिलं. औषध कमी देतात, बोलतात जास्त. एकदा जाऊन ये."

घरी योगेशना सांगितलं. ते फार बोलणारे नाहीत. जेवून हात धुतले, मग म्हणाले, "एकाच माणसाच्या सांगण्यावरून मी कुणाची मोटरसुद्धा खोलत नाही. रविवार सोडून सांग, कधी जायचं ते."

*

एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. अक्काही आल्या. मला त्या नको होत्या, खरं सांगते. पण नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

मॅडम साठीच्या आसपासच्या. पांढरे केस मागे बांधलेले, टेबलावर पाण्याचा तांब्या. त्यांनी फाईल उघडली आणि पानन् पान वाचलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"बायोप्सी पाळीच्या कितव्या दिवशी घेतली?"

मला आठवेना. रिपोर्टवरही लिहिलेलं नव्हतं. आणि तिथेच माझ्या डोक्यात काहीतरी जागं झालं. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर तारीख असते. तारीख नसलेल्या बाटलीवरून कुणी निष्कर्ष काढत नाही. माझ्या शरीराच्या तुकड्यावर दिवस लिहिलेला नव्हता, आणि मी महिनाभर स्वतःला खुनी समजत होते.

"या पेशी दर महिन्याला वाढतात आणि कमी होतात," मॅडम म्हणाल्या. "अंडं सुटल्यानंतर, गर्भ येईल म्हणून अस्तर तयार होतं, तेव्हा त्या भराभर वाढतात. वाढायलाच हव्यात. दिवस माहीत नसेल तर जास्त की कमी हे म्हणायचं कशाच्या तुलनेत? आणि किती म्हणजे जास्त, यावर आम्हा डॉक्टरांचंही एकमत नाही."

"मग किलर का म्हणतात?" मी विचारलं.

"नावाची गडबड आहे. रक्तात यांचे चुलतभाऊ असतात. विषाणू घुसलेली पेशी, कॅन्सरची पेशी दिसली की ते तिला मारतात. त्यांच्यावरून नाव पडलं, आणि यांनाही तेच चिकटलं. पण गर्भाशयातल्या पेशींचं काम वेगळं आहे."

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं. एक जाड रेघ, म्हणजे गर्भाशयाची भिंत. तिच्यात नागमोडी, अरुंद रक्तवाहिन्या. वर एक छोटा गोल, म्हणजे गर्भ. "गर्भ रुजला की त्याची वार, म्हणजे प्लासेंटा, तयार होऊ लागते. तिला आईचं रक्त हवं असतं, भरपूर आणि सावकाश. पण या वाहिन्या अरुंद आणि कडक असतात. त्यांच्या भिंती सैल कराव्या लागतात, तोंड रुंद करावं लागतं. ते काम सुरू करण्यात या पेशींचा हात असतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सगळ्यांत जास्त याच असतात. मारायला जमल्या असत्या तर कुणाचंच मूल जन्मलं नसतं."

त्यांनी गोलाच्या मधोमध रेघ मारली. "वार अर्धी आईकडची, अर्धी बापाकडची. या पेशी त्या अनोळखी अर्ध्याला तपासतात, ओळख करून घेतात. कुठपर्यंत येऊ द्यायचं ते ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. कधी ती ओळख नीट जमत नाही, असं संशोधन सांगतं. पण ते स्टेरॉइडने दाबून सुधारतं याला भरवशाचा पुरावा माझ्याजवळ नाही. ज्या पेशी वाट करून देतात त्यांनाच झोपवायचं, हे मला पटत नाही."

अक्का इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, मंग त्या मारतस का नही?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं. "नही वो माय. त्या मारतस नही, वाट करी देतस."

"आनि वाट नही करी तं?"

"तर कधी गर्भ रुजत नाही. कधी रुजतो, पण पुढे वारेला रक्त कमी पडतं. मग सहाव्या-सातव्या महिन्यात आईचं बीपी वाढतं. पाय सुजतात, तोंड सुजतं, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात त्याला. वेळेवर कळलं नाही तर बाळ पोटात जातं, कधी आईसुद्धा."

मॅडम माझ्याकडे वळल्या आणि पुढचं सांगू लागल्या. तेवढ्यात अक्का अगदी हळू, कुणाकडे न बघता बोलल्या.

"योगेशना पहिले मन्हा दोन पोरं ग्यात. सातवा महिनामा. पाय असा सुजेत का चप्पल जाये नही. डोकं ठनके. डोयासमोर अंधारी ये." त्यांनी बोटावरचा पदर सोडला. "लोके म्हनेत, हाई बाई पोरं खास."

ही बाई पोरं खाते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याबद्दल कुणीतरी म्हटलेलं वाक्य. आठ वर्षं मी त्या घरात राहत होते आणि मला माहीत नव्हतं. योगेशकडे पाहिलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांची आई नेहमी म्हणायची, मला एकच झालं.

मॅडम उठून टेबलाच्या या बाजूला आल्या आणि अक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "आता नक्की सांगता येणार नाही, तेव्हाचे कागद नाहीत. पण तुम्ही सांगता ते सगळं त्याच आजाराचं आहे. तो आजार होता, अक्का. तुम्ही काही केलं नव्हतं."

"मन्ही चुकी नही व्हती का मंग?"

"नाही."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बाहेर पेशंट खोळंबले होते, दारातून दोनदा कुणी डोकावलं. मॅडमनी हातानेच थांबायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या पुढे अक्कांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. पोटाकडे पाहिलं त्याबद्दल, शेजारणीला सांगितलं त्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. मला नकोही होती. ज्या बाईला एकदा तसं नाव पडलं होतं, तिने तसंच नाव माझ्याबद्दल ऐकल्यावर तिचं काय झालं असेल, हे मला त्या बसमध्ये कळलं.

*

मॅडमनी एक काम दिलं होतं. बायोप्सीचा तुकडा फेकून देत नाहीत, मेणात बुडवून ठेवतात. तो ठोकळा जळगावच्या लॅबमधून मागून आणायचा आणि त्यावर दुसरी एक तपासणी करायची.

ही तपासणी प्लाझ्मा सेल्सची. त्याही पांढऱ्या पेशीच, पण वेगळ्या. निरोगी अस्तरात त्या फारशा सापडत नाहीत. सापडल्या तर आत जुनी, मंद सूज आहे असं समजतात. त्याला क्रॉनिक एंडोमेट्रायटिस म्हणतात. ताप नाही, दुखणं नाही, सोनोग्राफीतही बहुधा दिसत नाही. सीडी वन थर्टी एट नावाच्या खास रंगाने त्या पेशी उठून दिसतात.

लॅबमधल्या माणसाने सही घेऊन एक पाकीट दिलं. आत प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा ठोकळा, आगपेटीहून लहान, त्यात तांदळाच्या कण्यांएवढे करडे ठिपके. ते माझं गर्भाशय होतं. बसमध्ये मी ते पाकीट डब्याच्या पिशवीत ठेवलं नाही, पर्समध्येही नाही. धुळ्यापर्यंत हातात धरून नेलं. उन्हाळा लागला होता आणि मला मेण वितळायची भीती वाटत होती. मॅडमच्या असिस्टंटने हसून सांगितलं, एवढ्याने वितळत नाही.

रिपोर्टमध्ये प्लाझ्मा सेल्स सापडल्या.

मला आनंद झाला. आजार सापडल्याचा आनंद झालेली मी एकटीच नसेन. मॅडमनी तो जरा आवरला. "हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. याच्या उपचाराने किती फरक पडतो यावरही वाद आहे. पण औषध साधं आहे, चौदा दिवसांचं आहे, आणि सूज गेली की नाही हे परत तपासून पाहता येतं. म्हणून मी ते करते."

चौदा दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, मला आणि योगेशना दोघांनाही. भरपूर पाण्यासोबत घ्यायच्या, घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, आणि उन्हात जायचं नाही. एप्रिलमध्ये, जळगाव जिल्ह्यात! योगेश म्हणाले, "हे मॅडमनी स्वतः करून दाखवावं." मी स्कार्फ, बाही, छत्री असं सगळं लावून कामावर जायचे. पित्ताने हैराण झाले. तिसऱ्या दिवसापासून अक्का सकाळी गोळीच्या आधी ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ताकात कुस्करून द्यायला लागल्या. त्याने पोट सांभाळलं.

महिन्याभराने पुन्हा बायोप्सी केली. या वेळी कागदावर पाळीचा दिवस मी माझ्या हाताने लिहून घेतला. सूज गेली होती.

*

गोठवलेला गर्भ जळगावच्या क्लिनिकमध्ये होता, म्हणून तिथे परत जाणं भाग होतं. मला सगळ्यांत जास्त धाकधूक त्या भेटीची होती. डॉक्टरांना सांगायचं होतं की सलाइन नको, स्टेरॉइड नको. मी वाक्यं पाठ करून गेले होते.

त्यांनी दोन्ही रिपोर्ट शांतपणे वाचले. मला वाटलं आता रागावतील. ते खुर्चीत मागे टेकले. "ठीक आहे. त्या सलाइनचा पक्का पुरावा माझ्याकडेही नाही. दोनदा फेल गेलं की पेशंट म्हणतात, डॉक्टर, काहीतरी करा. आणि काही करायचं नाही असं सांगणं आम्हालाही जड जातं." रिपोर्ट माझ्या हातात परत देत म्हणाले, "त्या दिवशी तो शब्द मी तसा वापरायला नको होता."

त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथे संपला. शेवटचा गर्भ त्यांच्याच हाताने सोडला गेला. पडद्यावर पांढरा ठिपका दिसला, एखाद्या मोहरीच्या दाण्याएवढा. ते म्हणाले, "झालं." योगेश दाराबाहेर उभे होते.

पुढचे चौदा दिवस कसे जातात हे जे यातून गेलेत त्यांना सांगायला नको, आणि जे गेले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. मी कामावर जात राहिले. पोटात काही दुखलं की वाटायचं गेलं, नाही दुखलं तरी वाटायचं गेलं. पण एक फरक होता. आधीच्या दोन्ही वेळी मी माझ्या शरीराला धमकावत होते. या वेळी मनात त्या पेशींना म्हणत होते, तुमचं काम चालू द्या, मी मध्ये येत नाही.

बीटा एचसीजीचा रिपोर्ट दुपारी फोनवर आला. या तपासणीत गर्भ रुजला की रक्तात येणारं हार्मोन मोजतात. मी आकडा नलूताईंना दाखवला, कारण मला माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. त्यांनी वाचला आणि मास्क काढला. आत मास्क काढायला आमच्याकडे सक्त मनाई आहे.

मॅडमना फोन करून विचारलं, "त्या गोळ्यांनी झालं का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित. कदाचित हा गर्भच चांगला होता. एका बाईवरून कळत नाही. तू बारा आठवडे झाले की ये."

हे वाचणाऱ्या बहिणींना मलाही तेच सांगायचं आहे. मी केलं ते करा, असं मी म्हणत नाही. माझ्यासारखंच सगळं करून तुमच्या हातात पुन्हा शून्याचा रिपोर्ट पडू शकतो. पहूरच्या त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि तिने माझ्याहून कमी धीर धरला असं तर मुळीच नाही. मी फक्त एवढं म्हणते, की कुणी तुमच्या शरीराला एखादं नाव दिलं तर ते कुठून आलं हे विचारा. तपासणी कितव्या दिवशी केली हे विचारा. औषधाने काय होईल विचारताना, पुरावा किती आहे तेही विचारा. चांगले डॉक्टर अशा प्रश्नाने चिडत नाहीत.

*

गरोदरपण सरळ गेलं नाही. अक्कांची हकीकत मॅडमनी फाईलवर लिहून ठेवली होती. अशी खोड नवऱ्याच्या घराकडूनही येऊ शकते, कारण वार अर्धी त्याची. बाराव्या आठवड्यापासून त्यांनी कमी डोसची ॲस्पिरिन सुरू केली आणि घरी बीपीचं मशीन घ्यायला लावलं. अक्कांनी ते वापरायला शिकून घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या माझ्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि आकडे योगेशना वाचायला लावायच्या.

पस्तिसाव्या आठवड्यात एका सकाळी अंगठी बोटात रुतली. डोकं जड होतं. मशीनवर आकडा वर गेला. मी म्हटलं, तासाभराने परत बघू. एरवी डॉक्टरकडे जायचं तर दहा जणांना विचारणाऱ्या अक्का म्हणाल्या, "चाल, ऊठ. कोनले इचारानं काम नही." पाऊण तासात आम्ही धुळ्याच्या रस्त्याला लागलो होतो.

मॅडमनी दाखल करून घेतलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं आणि कळा सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. दोन किलोलाही पोचली नव्हती, पण आल्या आल्या रडली. तिला काचेच्या पेटीत नेलं. तिथे ती अठरा दिवस होती. आज ती सात महिन्यांची आहे आणि मी लिहीत असताना माझ्या चपलेचा पट्टा चोखायचा प्रयत्न करते आहे. नलूताई, दोन्ही डॉक्टर, पेटीजवळच्या नर्सताई आणि योगेश यांचे आभार मानायला मला शब्द पुरणार नाहीत.

पण त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली. मुलीला नेल्यावर खोली शांत झाली. अक्का माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. मॅडमनी बाळंतपणात एक बाईमाणूस सोबत ठेवायला परवानगी दिली होती. थोड्या वेळाने वार पडली. ती पूर्ण आली की नाही हे पाहायला मॅडमनी ती ट्रेमध्ये पसरली.

"मला दाखवाल?" मी विचारलं.

त्यांनी ट्रे जवळ आणला. लाल, जाड, पोळीएवढी गोल, मधून नाळ निघालेली, आणि सगळीकडे झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. मी आयुष्यभर रोपांची मुळं पाहिली आहेत, पण इतकं दाट काही पाहिलं नव्हतं. एका कडेला मात्र पांढरट, कडक डाग होते.

अक्का वाकून पाहत होत्या. त्यांच्या त्या दोन बाळंतपणांत कुणी त्यांना काहीच दाखवलं नव्हतं, ना वार, ना बाळं. त्यांनी त्या पांढऱ्या डागांवर बोट रोखलं आणि मॅडमकडे पाहिलं.

"तिथे रक्त नीट पोचलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तेवढी वाट झाली नाही. बाकीच्या भागाने निभावून नेलं."

ट्रेच्या कडेवरून अक्कांनी हात फिरवला, झोपलेल्या माणसाच्या पांघरुणावरून फिरवतात तसा.

"बिचारीनी," त्या म्हणाल्या, "जितलं जमनं तितलं करं."